पोवळे, साग आणि समुद्राची देवाणघेवाण

पोवळे हा शब्द मराठी माणसाच्या कानावर साधारणपणे तीन ठिकाणी पडतो: सोनाराच्या दुकानात, ज्योतिषाच्या बैठकीत आणि वैद्याच्या पुडीवर. मंगळासाठी अंगठीत पोवळे घालायचे, पित्तावर प्रवाळपिष्टी घ्यायची, नवरत्ने मोजताना त्याचे नाव घ्यायचे, एवढ्यावर आपला त्याच्याशी असलेला संबंध संपतो. सुरतेत राहणाऱ्याला आणखी एक गोष्ट ठाऊक असते. सतराव्या शतकात या बंदरात उतरणाऱ्या मालात भूमध्य समुद्रातले लाल पोवळे असे. इंग्रजांकडून ते घेणाऱ्यांत वीरजी व्होरा हा त्या काळचा इथला सर्वांत मोठा सावकार होता. शिवाजी महाराजांच्या १६६४ च्या स्वारीत ज्याची हवेली लुटली गेली तोच हा व्होरा. म्हणजे मराठी इतिहासाची आणि पोवळ्याची गाठ सुरतेत एकदा पडून गेलेली आहे.

इथले गुजराती शेजारी पोवळ्याला 'परवाळुं' म्हणतात. पोवळे आणि परवाळुं ही दोन्ही संस्कृत 'प्रवाल' या एकाच शब्दाची लेकरे. मराठीने बोलता बोलता मधला 'र' झिजवला, गुजरातीने तो जपला. मुळातल्या 'प्रवाल' शब्दाला मात्र दोन अर्थ आहेत. एक समुद्रातले रत्न, आणि दुसरा झाडाची कोवळी पालवी. पोवळ्याचे दुसरे संस्कृत नाव 'विद्रुम'. त्यात तर 'द्रुम' म्हणजे झाड उघडच बसलेले आहे. फांद्या फुटलेली, लाल, पाण्याखाली वाढणारी वस्तू पाहून जुन्या लोकांना झाड आठवले, यात नवल नाही. युरोपातही अठराव्या शतकापर्यंत पोवळे ही वनस्पतीच मानत. पेसोनेल नावाच्या फ्रेंच वैद्याने त्या शतकाच्या पूर्वार्धात, हा प्राणी आहे, असे सांगितले, तेव्हा त्याचे म्हणणे विद्वानांनी लगेच मानले नाही.

पोवळे प्राणी आहे हे आता शाळेतल्या मुलालाही माहीत असते. तरीही 'विद्रुम' या शब्दाची मला अलीकडे पुन्हा आठवण झाली, ती एका शास्त्रीय निबंधामुळे. आमच्या महाविद्यालयातल्या पदार्थविज्ञानाच्या एका सहकाऱ्यांनी तो मला वाचायला दिला. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतले सुप्रियो चक्रवर्ती, आर. रमेश आणि एस. कृष्णस्वामी यांनी १९९४ मध्ये भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. विषय होता, कच्छच्या आखातात हवा आणि समुद्र यांच्यात कार्बन डायऑक्साइडची किती देवाणघेवाण होते हा. आणि त्यासाठी त्यांनी साक्षीला घेतले होते एक पोवळे आणि एक झाड. पोवळे कच्छच्या आखातातले, झाड ठाण्याकडचा साग. ठाण्याचे नाव दिसल्यावर मराठी माणूस पुढे वाचतोच. माझा विषय साहित्य असल्याने त्यातली गणिते मी सहकाऱ्यांच्या मदतीने ओलांडली; पण जे हाती लागले ते आपल्या भाषेत मांडावे असे वाटले, कारण या विषयात भाषेचाही एक प्रश्न अडकलेला आहे.

तो प्रश्न आधी सांगते. आपली वृत्तपत्रे आणि पाठ्यपुस्तके लिहितात, 'समुद्र हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो.' वाक्य चूक नाही. माणसे दरवर्षी कोळसा, तेल आणि वायू जाळून आणि जंगले तोडून जेवढा कार्बन हवेत सोडतात, त्याचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रात जातो. पण 'शोषणे' या क्रियापदाने डोळ्यांसमोर उभे राहते ते स्पंजाचे चित्र: पाणी आत गेले आणि राहिले. समुद्राचे तसे नाही. समुद्राच्या पृष्ठभागावरून कार्बन डायऑक्साइडचे रेणू सतत आत जातात आणि सतत बाहेर येतात. जगभरच्या महासागरांतून वर्षाला सुमारे ८० अब्ज टन कार्बन हवेत येतो आणि त्याहून थोडा जास्त पाण्यात जातो. दोन्हींतली तफावत अडीच-तीन अब्ज टनांची. आपण ज्याला 'शोषण' म्हणतो ती ही तफावत.

सुरतेच्या रिंगरोडवरच्या कापडबाजारात ही गोष्ट कुणालाही समजावून सांगावी लागत नाही. दुकानाची उलाढाल वेगळी आणि वर्षअखेर उरलेला नफा वेगळा. नफा थोडा दिसला म्हणून उलाढाल थोडी होती असे कुणी म्हणत नाही, आणि उलाढाल कळल्याशिवाय नफ्याचा अंदाज बांधणे किती धोक्याचे आहे हे प्रत्येक मुनीमजी जाणतो. समुद्राची उलाढाल किती, हा तो प्रश्न. शास्त्रीय मराठीत त्याला 'विनिमय' म्हणतात. मला 'देवाणघेवाण' हा शब्द अधिक खरा वाटतो, कारण त्यात देणे आणि घेणे दोन्ही उघड ऐकू येतात.

पण ही उलाढाल मोजायची कशी? हवेतून पाण्यात गेलेला कार्बन आणि पाण्यातून हवेत आलेला कार्बन दिसायला सारखेच. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग सापळा लावतो तेव्हा नोटांना एक पावडर लावतो. नोटा बाकीच्या नोटांसारख्याच दिसतात, पण ज्या हातांनी त्या घेतल्या ते हात धुतल्यावर पाण्याला रंग चढतो. समुद्राचे हात तपासायचे, तर अशी पावडर लावलेला कार्बन हवा. तो मिळाला, आणि कसा मिळाला ते सांगताना थोडे संकोचायला होते.

कार्बनचे बहुतेक अणू स्थिर असतात. पण वातावरणाच्या वरच्या थरात विश्वकिरणांच्या माऱ्याने नायट्रोजनपासून अगदी थोडा कार्बन-१४ तयार होतो. हा किरणोत्सर्गी कार्बन; ५,७३० वर्षांत तो निम्मा उरतो. झाडे तो हवेतून घेतात, प्राणी झाडांतून घेतात. जीव मेला की आवक थांबते आणि साठा हळूहळू घटत जातो. पुरातत्त्वाच्या वाचकांना हे परिचित आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० च्या दशकात धर्मपाल अग्रवाल यांच्या पुढाकाराने अशी प्रयोगशाळा उभी राहिली आणि पुढे ती अहमदाबादला भौतिक संशोधन प्रयोगशाळेत गेली. इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे काळ ठरले ते याच कालमापनाच्या आधारे. तेव्हा आपल्या प्राचीन महाराष्ट्राचा कालपट आणि कच्छच्या पोवळ्याची तपासणी ही एकाच परंपरेतली कामे आहेत.

१९५० च्या दशकात या नैसर्गिक कार्बन-१४ मध्ये अचानक भर पडली. अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी खुल्या हवेत अणुबॉम्बचे आणि हायड्रोजन बॉम्बचे स्फोट केले. त्यातून सुटलेल्या न्यूट्रॉनांनी विश्वकिरणांचेच काम फार मोठ्या प्रमाणात करून टाकले. १९६३-६४ च्या सुमारास उत्तर गोलार्धाच्या हवेतला कार्बन-१४ जवळपास दुप्पट झाला. ऑगस्ट १९६३ मध्ये मॉस्कोला करार होऊन या तिन्ही देशांच्या खुल्या हवेतल्या चाचण्या थांबल्या आणि वाढ थांबली. मग हवेतले हे जास्तीचे अणू झाडांत, मातीत आणि समुद्रात उतरू लागले. एका भयंकर उद्योगाने, कुणाच्याही मनात नसताना, साऱ्या पृथ्वीच्या कार्बनला एका ठरावीक तारखेची पावडर लावून ठेवली. आता पाहायचे एवढेच राहिले की, ती समुद्राच्या हाताला किती आणि केव्हा लागली. पण १९५० ते १९७० या काळात अरबी समुद्राच्या पाण्याचे नमुने दरवर्षी बाटलीत भरून ठेवणारे कुणी नव्हते. इथे झाड आणि पोवळे कामाला येतात.

आधी झाड. उष्ण कटिबंधातल्या पुष्कळ झाडांना स्पष्ट वर्षवलये नसतात, कारण त्यांची वाढ बारमाही चालते. सागाचे तसे नाही. तो उन्हाळ्याच्या तोंडी पाने गाळतो, वाढ थांबवतो आणि पावसाबरोबर पुन्हा वाढू लागतो. सुरतेहून डांगच्या जंगलात गेलेल्यांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये मैलोन्मैल उघडे पडलेले साग पाहिले असतील. त्या उघडेपणाची नोंद खोडात एका रेषेने होते. एका रेषेपासून दुसऱ्या रेषेपर्यंत एक वर्ष. त्या वर्षाच्या लाकडातला कार्बन त्याच वर्षीच्या हवेतला, आणि लाकूड एकदा बनले की त्यातला सेल्युलोज पुढच्या वर्षीच्या हवेशी व्यवहार करीत नाही. म्हणून वलय मोजायचे, वर्ष ठरवायचे, सेल्युलोज वेगळा काढायचा आणि त्यातला कार्बन-१४ मोजायचा. त्या वर्षी ठाण्याकडच्या हवेत काय होते ते कळते. निबंधातल्या सागात १९६४ चे वलय सर्वांत 'तापलेले' निघाले: बॉम्बपूर्व प्रमाणापेक्षा सुमारे ६३ टक्के जास्त. उत्तर गोलार्धाची सरासरी वाढ त्या सुमारास १०० टक्क्यांच्या जवळ होती. बहुतेक मोठे स्फोट दूर उत्तरेला झाले होते. तिथली हवा उष्ण कटिबंधापर्यंत येईतो पातळ होत आली होती. आपल्या कोकणपट्टीच्या हवेचा आपला असा आकडा असतो, युरोपातल्या झाडाचा आकडा उसना घेऊन चालत नाही, ही गोष्ट या एका सागाने दाखवली. माझ्या मते निबंधाचे अर्धे मोल इथेच वसूल होते.

आता पोवळे. अंगठीतले लाल पोवळे आणि समुद्रात खडक उभारणारे पोवळे या वेगवेगळ्या जाती. आपल्याला हवे ते दुसरे. त्याचे शरीर म्हणजे काही मिलिमीटरच्या, तोंडाभोवती शुंडके असलेल्या असंख्य जीवांची वसाहत. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. ते उन्हात अन्न बनवते, पोवळ्याला देते आणि बदल्यात आसरा घेते. शैवालाला ऊन लागते, म्हणून ही पोवळी उथळ आणि स्वच्छ पाण्यातच वाढतात. सुरतेच्या किनाऱ्यावर ती दिसत नाहीत, कारण तापीचा गाळ आणि खंभातच्या आखाताची भरती-ओहोटी पाणी सदा गढूळ ठेवते. डुमसला समुद्र पाहायला जाणाऱ्या आम्हा सुरतवासीयांना म्हणूनच निळा समुद्र ही गोष्ट चित्रातूनच माहीत असते. जामनगरच्या बाजूला, कच्छच्या आखातात, पिरोटन आणि नरारा इथे मात्र पोवळी आहेत. नराराला ओहोटीच्या वेळी त्यांच्यामधून पायी हिंडता येते. आपल्या बाजूला मालवणच्या समुद्रात ती आहेत.

या जीवांच्या खाली त्यांचे घर असते, कॅल्शियम कार्बोनेटचे. म्हणजे रसायनाच्या दृष्टीने चुनखडीच. जीव वर सरकत राहतात, खाली पांढरा सांगाडा साचत जातो. ऋतूप्रमाणे सांगाडा कधी दाट, कधी विरळ बनतो. त्याचा पातळ काप घेऊन क्ष-किरणांखाली धरला की काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दिसतात. एक दाट आणि एक विरळ पट्टी मिळून एक वर्ष. ही गोष्ट पक्की झाली १९७२ मध्ये, आणि तीही बॉम्बच्याच साक्षीने. प्रशांत महासागरातल्या एनिवेटॉक या प्रवाळद्वीपावर अमेरिकेने अणुचाचण्या केल्या होत्या. तिथल्या पोवळ्यांच्या सांगाड्यात चाचण्यांच्या वर्षांच्या किरणोत्सर्गी खुणा उमटल्या होत्या. चाचण्यांच्या तारखा माहीत, खुणांमधल्या पट्ट्या मोजल्या, आणि पट्टी म्हणजे वर्ष हे सिद्ध झाले. नंतर अमेरिकेत एलन ड्रफेल यांनी फ्लोरिडाच्या पोवळ्यांतला कार्बन-१४ वर्षवार मोजला आणि हे काम जगभर सुरू झाले.

सांगाड्यातल्या कार्बोनेटचा कार्बन मुख्यतः भोवतालच्या पाण्यात विरघळलेल्या कार्बनातून येतो. म्हणून एका वर्षाची पट्टी कोरून काढायची, तिची पूड करायची, तिच्यावर आम्ल टाकायचे. फसफसून कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो वायू म्हणजे त्या वर्षीच्या समुद्रातला कार्बन. साग हवेची वही लिहितो, पोवळे पाण्याची. संस्कृत भाषेने एकाच 'प्रवाल' शब्दात पालवी आणि पोवळे ठेवले तेव्हा हे कुणाला ठाऊक असणे शक्य नव्हते. तरी वर्षाचा हिशेब ठेवण्यात दोघे सारखे निघाले, याची मला गंमत वाटली.

कच्छचे पोवळे चाळीस वर्षांचे होते. त्याच्या पट्ट्यांत बॉम्बपूर्व काळ होता, बॉम्बचा काळ होता आणि नंतरचा उतारही होता. दोन वह्या शेजारी ठेवल्या की पहिला फरक डोळ्यांत भरतो तो वाढीच्या आकाराचा. सागात वाढ एखाद्या सुळक्यासारखी येते. जगभरच्या पोवळ्यांत ती बसकी, पसरट आणि उशिरा येते, शिखर बहुधा १९७० च्या दशकात. याचे कारण समुद्राच्या रसायनात आहे. पाण्यात शिरलेला कार्बन डायऑक्साइड वायुरूपात फारसा राहत नाही. बहुतेक कार्बन बायकार्बोनेटच्या रूपात असतो. हा साठा फार मोठा, त्यामुळे खुणेचा कार्बन त्यात मिसळून वरच्या थराचा रंग बदलायला दहाएक वर्षे लागतात. शिवाय खालचे, बॉम्ब न पाहिलेले पाणी वर येऊन तो रंग पुन्हा फिका करते.

दोन वह्यांतली ही तफावत आणि हा उशीर यांवरून उलाढाल काढता येते. हवेत खूण किती होती ते साग सांगतो, पाण्यात किती आली ते पोवळे सांगते. मधला वेग गणिताने शोधायचा. संशोधकांनी तसे प्रतिमान मांडले आणि उत्तर आले: दर चौरस मीटरला वर्षाकाठी ११ ते १२ मोल कार्बन डायऑक्साइड. मोल हे रसायनशास्त्राचे मोजमाप, डझनासारखे, फक्त अफाट मोठे. किलोच्या भाषेत सांगायचे तर आखाताच्या प्रत्येक चौरस मीटर पाण्यात वर्षाला साधारण अर्धा किलो कार्बन डायऑक्साइड हवेतून जातो आणि जवळपास तेवढाच परत येतो. दिवाणखान्यातली एक सतरंजी अंथरावी एवढ्या पाण्यावरून दोन-अडीच किलो वायू वर्षभरात आत-बाहेर करतो, आणि पाण्याकडे पाहून कुणाला त्याचा पत्ता लागत नाही.

या गणितात आणखी एक आकडा निघाला, आणि तो पहिल्या वाचनात मला कोड्यात टाकणारा वाटला. आखात आणि मोकळा अरबी समुद्र यांच्यात पाण्याची जी अदलाबदल होते तिचा वेग वर्षाला फक्त २८ मीटर आला. ज्याने कच्छच्या आखाताची भरती पाहिली आहे तो यावर हसेल. तिथले पाणी काही तासांत केवढे तरी अंतर कापते. पण विरोध वरवरचा आहे. सुरतेहून रोज पहाटे हजारो माणसे 'फ्लाइंग राणी' आणि पाठोपाठच्या गाड्यांनी मुंबईकडे 'अपडाउन' करतात. गाड्या वेगाने धावतात, माणसे वेगाने जातात, पण रात्री तीच माणसे परत येतात आणि सुरतेच्या लोकसंख्येत काही फरक पडत नाही. फरक पडतो तो बिऱ्हाड हलवणाऱ्यांनी. भरतीचे पाणी अपडाउन करणारे. २८ मीटर हा वेग बिऱ्हाड हलवणाऱ्या पाण्याचा, ज्याच्याबरोबर कार्बनची खरी आवक-जावक होते.

इथे एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. एक पोवळे, एक झाड, आणि मोकळ्या अरबी समुद्राच्या मोजणीच्या जागी गणितानेच तयार केलेली मालिका, असा हा पाया आहे. संशोधकांनी ते लपवलेले नाही. आम्ही साहित्यवाले एकाच पोथीवरून ग्रंथाची संहिता ठरवतो तेव्हा जेवढा विश्वास आणि जेवढी शंका बाळगतो, तेवढीच इथेही बाळगावी. दुसरी पोथी मिळाली तर पाठ बदलू शकतो. पण पहिली पोथी हाती नसती तर पाठभेदाचा प्रश्नच उद्भवला नसता.

उलाढाल कळली; मग नफ्याचे काय? इथे 'समुद्र शोषतो' या वाक्याची दुसरी बाजू उलगडते. गोव्यात दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात अरबी समुद्रात प्रत्यक्ष मोजण्या केल्या. त्यांतून दिसले की, अरबी समुद्राचा मध्य आणि पूर्व भाग वर्षभर कार्बन डायऑक्साइड घेण्यापेक्षा देतोच अधिक. नैर्ऋत्य मोसमी वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यांवरचे पाणी दूर लोटतात, खालचे थंड पाणी वर येते. त्या पाण्यात वर्षानुवर्षे कुजलेल्या जीवांचा कार्बन साठलेला असतो आणि तो हवेत सुटतो. ज्या वाऱ्यांनी आपल्याकडे पाऊस येतो तेच वारे हे काम करतात. तेव्हा 'समुद्र कार्बन शोषतो' हे वाक्य साऱ्या महासागरांच्या बेरजेला खरे आहे. मुंबई, सुरत आणि रत्नागिरीसमोरच्या समुद्राला ते लावता येत नाही. 'देवाणघेवाण' म्हटले की ही अडचण राहत नाही, कारण व्यवहारात एखादा देणारा निघाला तर कुणाला आश्चर्य वाटत नाही.

या जुन्या पाण्याचा एक परिणाम इतिहासाच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवावा असा आहे. खालून वर येणाऱ्या पाण्यात कार्बन-१४ कमी असतो, म्हणून त्यात वाढलेला शिंपला जिवंत असतानाच शेकडो वर्षांचा 'म्हातारा' दिसतो. अहमदाबादच्याच संशोधकांनी २००१ मध्ये उत्तर हिंदी महासागरातले, १९३० ते १९५४ या काळात गोळा केलेले सात शिंपले तपासले. त्यांतल्या अरबी समुद्राच्या शिंपल्यांचे वय ४३४ ते ६९३ वर्षे निघाले. ही दुरुस्ती केली नाही, तर कोकणच्या एखाद्या बंदराच्या खोदकामात सापडलेला पेशवेकाळातला शिंपला सहज यादवकाळात जाऊन बसेल. किनाऱ्यावरच्या वसाहतींचा इतिहास आपल्याकडे अजून पुष्कळ लिहायचा आहे. तो लिहिताना समुद्राच्या या सवयीचा हिशेब धरावा लागेल.

पोवळ्यांविषयी आणखी एक समज दुरुस्त करण्याजोगा आहे. पोवळे कार्बन सांगाड्यात कोंडून ठेवते, म्हणून पोवळी वाढली की हवेतला कार्बन कमी होतो, असे पुष्कळांना वाटते. रसायन उलटे सांगते. बायकार्बोनेटपासून कॅल्शियम कार्बोनेट बनताना निम्मा कार्बन सांगाड्यात जातो आणि निम्मा कार्बन डायऑक्साइडच्या रूपात पाण्यात मोकळा होतो. पोवळ्याचे मोल हवा साफ करण्यात नाही. असंख्य जीवांना आसरा देण्यात आहे, किनाऱ्याचे लाटांपासून रक्षण करण्यात आहे, आणि माझ्या दृष्टीने, दुसऱ्या कुणी ठेवली नाही ती नोंद ठेवण्यात आहे.

ती नोंद आपण काय केली? कच्छच्या आखातातली प्रवाळवाळू कित्येक वर्षे सिमेंटसाठी उपसली जात होती. सिमेंटच्या भट्टीत कॅल्शियम कार्बोनेट तापले की त्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि चुना उरतो. शतकानुशतके पट्टीपट्टीने लिहिलेली वही भट्टीत घालायची आणि तिच्यातलीच अक्षरे धुराड्यातून हवेत सोडायची, असा तो व्यवहार होता. वैद्यकातही हा फरक आहे: प्रवाळपिष्टी खलात घोटून करतात, तिच्यात कार्बन राहतो; प्रवाळभस्मासाठी आच देतात. १९८२ मध्ये जामनगरजवळ देशातले पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान झाले आणि २००१ पासून खडक उभारणारी पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आली. आता परवानगीशिवाय पोवळ्याचा तुकडाही उचलता येत नाही, संशोधकालासुद्धा. हे योग्यच आहे. पण पाण्याच्या उष्णतेला कायदा लागू होत नाही. पाणी नेहमीपेक्षा तापले की पोवळे आपल्यातले शैवाल बाहेर टाकते आणि पांढरे पडते. ताप लांबला तर मरते. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी भारताच्या समुद्रांत हे मोठ्या प्रमाणावर झाले. मेलेल्या पोवळ्याला जीव पोखरतात, लाटा फोडतात, आणि पट्ट्या वाळू होऊन जातात.

समुद्रात उतरणाऱ्या कार्बनमुळे पाणी हळूहळू आम्लधर्मी बाजूला सरकते आहे, तेही पोवळ्यात नोंदले जाते, बोरॉन या मूलद्रव्याच्या समस्थानिकांच्या प्रमाणातून. लक्षद्वीपच्या पोवळ्यांवरून १९९० ते २०१३ या काळातल्या अरबी समुद्राच्या आम्लतेची अशी मालिका तयार करण्यात आली आहे. त्या कामात गोव्यातल्या वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचे संशोधक होते. म्हणजे वहीतली नवी पाने वाचण्याची विद्या वाढते आहे, आणि त्याच वेळी वह्या कमी होत आहेत.

बॉम्बच्या खुणेची गोष्ट तर आणखी वेगळी. कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षांचे जुने. त्यांच्यातला कार्बन-१४ केव्हाच संपलेला. ते जाळून निघणारा धूर हवेतल्या खुणेच्या कार्बनात पाणी घालत राहिला आहे. जास्तीचे अणू समुद्रात आणि झाडांत गेले, उरलेल्यांवर हा धूर मिसळला, आणि २०२० च्या सुमारास उत्तर गोलार्धाच्या हवेतले प्रमाण पुन्हा बॉम्बपूर्व पातळीला येऊन ठेपले. यंदाच्या पावसाळ्यात ठाण्याच्या किंवा डांगच्या सागावर जे वलय चढेल त्यात ती पावडर जवळजवळ नसेल. तशा प्रकारची खूण पुन्हा हवेत यावी असे कुणीही म्हणणार नाही. तेव्हा १९५५ ते १९९० या पस्तीस वर्षांत आपल्या समुद्राने हवेशी काय व्यवहार केला, हे विचारायचे असेल, तर ते त्या वर्षांत वाढलेल्या आणि अजून शाबूत असलेल्या पोवळ्यांनाच विचारावे लागेल. पिरोटनच्या आणि मालवणच्या पाण्यात अशी किती उरली आहेत, याची मोजदाद आधी व्हायला हवी.